ओटीजी एक, ऑर्डरी चाळीस आणि आजीचे कुलकुल

पत्राचा सारांश: वसईजवळच्या गावातली एकवीस वर्षांची मुलगी मुंबईत बेकरी-पेस्ट्रीचा डिप्लोमा करते आहे. नाताळच्या सुटीत घरी जाऊन यंदाचा सण आपल्या पद्धतीने करायचा तिचा बेत आहे. श्टोलन (जर्मन नाताळ-पाव), चॉकलेटचा यूल लॉग (ओंडक्यासारखा गुंडाळलेला केक), जिंजरब्रेडचं घर, संत्र्याच्या सुकवलेल्या चकत्यांच्या माळा, झाडावर टांगायला मिठाच्या पिठाच्या आकृत्या, पांढरी-रुपेरी सजावट आणि येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्यावर कापसाचा बर्फ, असं सगळं तिने वहीत काढून ठेवलं आहे. शिवाय आळीतल्या लोकांकडून अर्धा किलोच्या चाळीस प्लम केकच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. घरी तीस लिटरचा एक ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आहे. आजी म्हणते, "केक बेकरीतही मिळतो. कुलकुल कोण करणार?" वडील दरवर्षीसारखा गोणपाटाचा गोठा उभारणार, त्यात कोणी हात घातलेला त्यांना चालत नाही. आई दोन्हीकडून ऐकून घेते. मुलगी विचारते: "बाबांनी फीसाठी कर्ज काढलंय. मी काय शिकले ते यंदा दिसलं नाही तर त्यांना वाटेल पैसे वाया गेले. घरच्यांना कसं पटवू?"

प्रिय मैत्रिणी,

पटवण्याचं नंतर बघू. आधी ओटीजीचं गणित मांडू, कारण तुझ्या पत्रातली निम्मी ओढाताण त्या एका यंत्राभोवती चालली आहे.

तीस लिटरच्या ओटीजीत अर्धा किलोचे दोन लोफ टिन मोकळेपणाने बसतात. तिसरा कोंबता येतो, पण मग गरम हवेला फिरायला जागा उरत नाही आणि मागच्या टिनची कड करपते. प्लम केक १५० अंशांवर सव्वा तास तरी घेणार. टिन काढायचे, दुसरे आत घालायचे, तापमान परत जागेवर येऊ द्यायचं, यात पंधरा मिनिटं. एका घाण्याला दीड तास धर. चाळीस केकचे वीस घाणे, म्हणजे ३० तास. यात फळं चिरणं, टिनला बटर पेपर लावणं, लोणी-साखर फेटणं काहीच धरलेलं नाही. संत्र्याच्या चकत्या सुकवायला शंभर अंशांच्या आसपास तीन-चार तास जातात, मिठाच्या पिठाच्या आकृत्यांनाही जवळपास तेवढेच. त्यावर श्टोलन, त्यावर जिंजरब्रेड. चोवीस तारखेला घरातले सगळे मध्यरात्रीच्या मिस्सेला निघतील तेव्हा तू एप्रन घालून टायमरकडे बघत बसलेली असशील.

वर्गात असं होत नाही, कारण तिथे डेक ओव्हन आहे, ब्लास्ट चिलर आहे, एसी आहे आणि एका टेबलावर चार-सहा जणांचे हात आहेत. ते सगळं वजा करून जे उरतं, त्यावर तुझा बेत बसवायला हवा. मोठ्या हॉटेलातले पेस्ट्री शेफही मेनू ठरवताना ओव्हन किती तास मोकळा आहे हे आधी बघतात.

चाळीस केकना दोन वाटा आहेत, आणि दोन्ही वापर. पहिली, जवळच्या बेकरीची भट्टी. दिवाळीला नानकटाईचे पत्रे बेकरीत भाजून आणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, नाताळच्या केकचे टिनही असेच जायचे. पावाचे घाणे उतरले की भट्टीची आच हळूहळू खाली येत जाते. पावाला ती आता निकामी, पण फळांनी जड झालेल्या केकला अशीच मंद, उतरती आच लागते. मालकाला जाऊन विचार की शेवटचा पाव किती वाजता निघतो आणि टिनमागे किती घेणार. पहिल्या दिवशी एकच टिन ने. त्याला किती वेळ लागला, वरून काळा पडला का, मधे सुई घातल्यावर काय दिसलं ते बघ आणि मगच बाकीचे सोपव. टिनवर खडूने लिहिलेलं पुसलं जातं, कागद तर जळूनच जातो. टिनच्या काठावर खिळ्याने आकडे कोर, नाहीतर डिसोझांचा बिनदारूचा केक फर्नांडिसांकडे आणि त्यांचा रमवाला तिकडे, असा घोळ होईल.

दुसरी वाट कॅलेंडरची. नाताळ पंचवीस तारखेला संपत नाही हे तुला मी सांगायला नको. पुढे नवीन वर्ष आहे, ६ जानेवारीला तीन राजांचा सण आहे. रम पाजलेला केक दोन आठवडे मुरला तर आणखी चांगला लागतो. निम्म्या गिऱ्हाइकांना आजच विचार की एकतीस तारखेला दिला तर चालेल का. बरेच जण हो म्हणतील, कारण पंचविसाव्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर चार घरांचे केक असतातच.

आता आजी.

तिचं वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस, म्हणजे लागलंय तुला. तू त्यातला पहिला भाग ऐकलास, केक बेकरीतही मिळतो. माझं लक्ष दुसऱ्या भागाकडे गेलं. कुलकुल कोण करणार, हा तिचा खराखुरा प्रश्न आहे. प्लम केक एकटीने होतो, त्याला एक माणूस आणि एक ओव्हन पुरतो. कुलकुलांचं तसं नाही. किलोभर मैद्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या, एकेक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा त्यासाठीच वेगळ्या ठेवलेल्या नव्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत पसरायची, वळवून शिंपला करायचा, कड चिकटली की नाही बघायची. चिकटली नाही तर तेलात तो उलगडतो आणि कढई गाळाने भरते. एकटी आजी हे करत बसली तर तिची बोटं दुखणार. तू मुंबईला गेल्यापासून त्या टेबलावरचे दोन हात कमी झाले आहेत. तुझ्या केकवर तिचा राग आहे असं मला पत्रात कुठेच दिसलं नाही.

तेव्हा एक संध्याकाळ पूर्ण कुलकुलांची ठेव, फोन दुसऱ्या खोलीत. आणि शिकलेली विद्या तिथेच वापर. पीठ मळल्यावर अर्धा तास झाकून ठेवलं की ते आखडत नाही, हे तुला माहीत आहे. तेलाला थर्मामीटर लाव, १७० च्या आसपास राहू दे, म्हणजे शेवटचा घाणाही पहिल्याच्या रंगाचा निघेल. आजी पाक झाला की नाही हे दोन बोटांत तार ओढून बघते. त्याच क्षणी थर्मामीटर काय दाखवतो ते टिपून घे. तिच्या मुठी आणि वाट्या ग्रॅममध्ये तोलून लिही. फुगे (तेलात तळलेले गोल पाव) होत असतील तर तेही. अंडं, नारळाचं दूध घातलेलं आणि पूर्वी ताडीवर फुगवलेलं ते पीठ तुझ्या ब्रिओशच्या (लोणी-अंड्याच्या फ्रेंच पावाच्या) घराण्यातलंच आहे, फक्त बरंच सैल. मुठीतून अंगठ्याजवळ गोळा पिळून काढत तेलात सोडण्याचं कसब मात्र कुठल्या डिप्लोमात शिकवत नाहीत, आणि ज्यांच्या हातात ते आहे त्या बायका आता सत्तरीपुढच्या आहेत.

तू म्हणशील, मग माझं श्टोलन नको का? कर की. एकच कर, आणि केकच्या आधी कर, कारण लोण्यात न्हाऊन पिठीसाखरेत लोळलेलं श्टोलन घट्ट गुंडाळून ठेवलं तर दोन-तीन आठवडे टिकतं. ते टेबलावर ठेवशील तेव्हा आजीला त्याची गोष्टही सांग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४ पासून भरतो. त्या काळात आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) म्हणजे उपासाचा काळ, लोणी वर्ज्य, म्हणून तिथले लोक तेलात मळलेला कोरडा पाव खायचे. १४९१ मध्ये पोपकडून लोणी वापरायची परवानगी आली आणि मग त्या पावाचं आजचं श्टोलन होत गेलं. म्हणजे तुमच्या वर्गात क्लासिक म्हणून फळ्यावर लिहितात तेही कुणाच्या तरी आजीने घरातल्या अडचणीतून काढलेलं असतं.

आपल्याकडच्या नाताळ केकची कथाही ऐकण्यासारखी आहे. केरळात तलश्शेरीला १८८३ मध्ये मर्डॉक ब्राउन नावाच्या मळेवाल्याने मांबल्ली बापू या बेकरीवाल्यापुढे विलायती केक ठेवला आणि असा करून दाखव म्हणाला. बापूने फ्रेंच ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांची आणि कदली केळ्यांची गावठी दारू वापरली, असं तिथे सांगतात. साहेब खूश झाला. तू वसईची आहेस, तुझ्याकडे आगाशीची सुकेळी आहेत! राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या पानात बांधलेली, मधासारखी चिकट, तपकिरी सुकेळी. ती बारीक चिर, चिकट असतात म्हणून चिमूटभर मैद्यात घोळव, आणि खजूर-मनुकांच्या बरोबरीने केकमध्ये घाल. साखर तेवढी थोडी कमी कर. महाग आहेत, पण अर्ध्या किलोच्या केकला मूठभर पुरतात. तुझ्या चाळीस केकमध्ये आणि मॉलमधल्या केकमध्ये फरक काय, या प्रश्नाला हे उत्तर मला पटण्यासारखं वाटतं. रममध्ये महिनाभर फळं भिजवली नाहीस म्हणून घाबरू नकोस. संत्र्याचा रस आणि रम एकत्र करून त्यात फळं मंद आचेवर जरा गरम कर, झाकून रात्रभर ठेव, फळं टपोरी होतात. रंगासाठी साखर जाळताना गडद तपकिरी होईपर्यंत धीर धर, मग त्यात गरम पाणी घाल, आणि घालताना तोंड लांब ठेव. थंड पाणी घातलंस तर पाक हातावर उडेल.

यूल लॉग कर, तोच तुझा दिखाऊ पदार्थ असू दे. कारण साधं आहे: पातळ स्पंज गरम ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटांत होतो, ओटीजी अडकून राहत नाही. चॉकलेटची कलाकुसर मात्र पहाटे कर. वसईत डिसेंबरची पहाट गार असते, पण दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो. डार्क चॉकलेट टेम्पर करून हाताळतात ते ३१-३२ अंशांवर. स्वयंपाकघरच तेवढं तापलेलं असेल तर ते घट्ट कशाला होईल? क्रोसाँचा विचार मनात असेल (यादीत नाही, पण मला संशय आहे), तर तो फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकल. लोणी वितळून पिठात मुरलं की पदर कुठले, मऊ पाव तयार होईल.

जिंजरब्रेडचं घर न्यूरेंबर्गच्या कोरड्या थंडीत महिनाभर उभं राहत असेल. समुद्राकाठी बिस्किट हवेतलं पाणी ओढतं, दोन-तीन दिवसांत भिंती वाकतात, आणि त्याआधी मुंग्या येतात. करायचंच तर छोटं कर, तेवीसला उभं कर आणि पंचवीसला शेजारच्या पोरांकडून फोडून घे.

सजावटीकडे वळते. इथे मी थोडी हट्टी आहे, आधीच सांगते. गोठ्यावर कापसाचा बर्फ घालू नकोस. एक तर दिव्यांच्या माळेशेजारी कापूस म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरं म्हणजे गोठ्याची प्रथा जिथे सुरू झाली असं मानतात त्या इटलीतल्या ग्रेचोमध्ये १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसने गवत मागवलं, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. तुझ्या बाबांचा गोणपाटाचा, पेंढ्याचा गोठा त्याच्या बराच जवळ आहे. त्यांच्या गोठ्यात बदल सुचवण्याऐवजी त्यांना एक गोष्ट करून दे: शेत. गहू रात्रभर भिजव, उथळ ट्रेमध्ये मातीवर दाट पसर, दोन दिवस झाकून ठेव, मग उजेडात आण. १४-१५ तारखेला पेरलंस तर चोवीसला बोटभर हिरवंगार गवत तयार. रोज पाणी शिंपड, साचू देऊ नकोस, नाहीतर वास येतो.

मिठाच्या पिठाच्या आकृत्यांचा व्हिडिओ करणाऱ्या बाईच्या घरात बहुधा हीटर असतो. मीठ दमट हवेतलं पाणी ओढतं, वॉर्निश न लावलेल्या आकृत्या आपल्याकडे आठवड्यात ओलसर होतात, रंग पसरतो. संत्र्याच्या चकत्यांनाही बुरशी धरते. दोन्ही सोड. ओव्हनचे सात-आठ तास तिथेच वाचले.

त्याऐवजी तारा कर. दिवाळीचा आकाशकंदील ज्या सामानातून होतो त्यातूनच नाताळचा तारा होतो: बांबूच्या काड्या, दोरा, पतंगाचा कागद, खळ. समान लांबीच्या पाच काड्यांचा एक तारा बांध, तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाच टोकं घट्ट बांध. मग आत जिथे काड्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी बोटभर लांबीचे बांबूचे तुकडे आडवे अडकव. तारा एकदम फुगतो, त्याला पोट येतं. कागद चिकटवण्याआधी एका टोकाशी हात जाईल एवढी फट ठेव, बल्ब बदलायला लागते. बल्ब एलईडीच हवा, आणि पिवळसर उजेडाचा. पांढऱ्या उजेडात पांढरा-रुपेरी साज दवाखान्यासारखा दिसतो, हे माझं मत. रुपेरी तुला फारच आवडत असेल तर जेवणाचं टेबल आणि समोरची एक खिडकी तुझी, अंगण बाबांचं, अशी वाटणी करून घे. वाटणी आधीच बोलून घे, सजावट करता करता नको.

आता बाबा. पत्रात त्यांचं एकच म्हणणं आहे, गोठ्याला हात लावू नका. पैसे वाया गेल्याचं वाक्य त्यांचं नाही, तू त्यांच्या तोंडी घातलं आहेस. कर्ज काढून शिकवणारा बाप काळजी करत असेलच, पण ती काळजी चॉकलेटच्या लॉगने मिटेल असं मला वाटत नाही. त्यांना हिशेबाची वही दाखव. मैदा, लोणी, अंडी, सुकेळी, खोका, भट्टीचे पैसे. ओटीजीची वीज सुद्धा: दीड हजार वॅटचं यंत्र तासभर सलग चाललं की दीड युनिट. आणि तुझे तास, ज्यांची किंमत तू लावलेलीच नाहीस अशी मला शंका आहे. ओळखीचे लोक आहेत म्हणून सामानाच्या खर्चात केक दिलास तर चाळीस केकनंतर हातात शून्य उरेल आणि पुढच्या वर्षी लोक तोच भाव मागतील. एका केकमागे काय सुटतं ते बाबांबरोबर बसून काढ. ते भाव वाढव म्हणाले तर ऐक.

दुसऱ्या घरांतूनही अशीच पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. गोव्यातून एका विद्यार्थ्याने बेबिंक या थराथराच्या गोड पदार्थाबद्दल विचारलं होतं. गोव्याच्या बेबिंकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घरात ती करणारी माणसं कमी होत चालली आहेत. पूर्वी झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवून वरून आच देत. ओटीजीत फक्त वरची कॉइल चालू ठेवून तेच साधतं: एक पळी मिश्रण, वर तांबूस डाग येईपर्यंत भाजायचं, चमचाभर तूप, पुढची पळी. खालची कॉइल चालू राहिली तर तळाचा थर चामड्यासारखा होतो. दिवाळीत घरी जाऊन अनारशांऐवजी मॅकरॉन करायचे का असं विचारणाऱ्या पुण्याच्या मुलीलाही हेच सांगेन की आधी आईच्या हातचे अनारसे जाळी धरताना जवळून बघ, मॅकरॉन जानेवारीतही होतात.

राहिली कागदपत्रं. घरातून विकत असलीस तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. या नाताळाआधी अर्ज तरी करून टाक. प्रत्येक खोक्यावर चार गोष्टी स्वच्छ अक्षरात लिही: अंडं आहे, मैदा आहे, काजू-बदाम आहेत, रम आहे की नाही. आळीतल्या सगळ्यांना तू ओळखतेस, पण खोका पुढे कुणाच्या घरी जाईल ते तुला ठाऊक नसतं. बिनरमचे केक वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यात भिजवलेल्या फळांचे कर, आणि ते आठवडाभरात संपवा असं सांगूनच दे. ऑर्डरींची वही आजपासून बंद. एकेचाळिसावा माणूस आला तर त्याला जानेवारीची तारीख दे.